एनआरआय ग्राहकांची आधार-केवायसी फाइल : शिरूर-दौंडमधून चालवता येईल असा सेवा-व्यवसाय

व्हिडिओमध्ये वेळ कमी असतो, म्हणून हा धडा इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आजचा विषय आहे परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांना आधार, पॅन आणि बँकेची केवायसी पूर्ण करायला मदत करणं, आणि त्याची रीतसर फी घेणं. झेरॉक्सचं दुकान, ई-सेवा केंद्र, मोबाईल रिपेअरिंग, स्टेशनरी यापैकी काहीही चालवत असाल तर हे काम जोडधंदा म्हणून बसतं. भांडवल कमी लागतं, डोकं आणि शिस्त जास्त लागते.

आधी मागणी समजून घ्या

शिरूर तालुक्यात रांजणगाव एमआयडीसी आहे, दौंड तालुक्यात कुरकुंभ एमआयडीसी. तिथे शिकून-सवरून पुढे आखातात, युरोपात, अमेरिकेत गेलेली मुलं तुमच्या ओळखीतही असतील. आई-वडील गावाकडे, जमीन नावावर, बँकेत जुनं खातं, आणि स्वतः दुबईत किंवा टेक्सासमध्ये. मग एक दिवस बँकेचा मेसेज येतो की केवायसी करा, नाहीतर खात्यातले व्यवहार थांबतील. तिकडून मुलगा वडिलांना फोन करतो, वडील बँकेत जातात, बँक म्हणते "खातेदाराला आणा". वडील तसेच घरी परत.

ही अडचण फक्त आपली नाही. नायजेरियाचं उदाहरण बघा. तिथल्या मध्यवर्ती बँकेने २०१४ मध्ये बीव्हीएन म्हणजे बँक पडताळणी क्रमांक आणला. ११ आकडी नंबर, त्यामागे बोटांचे ठसे आणि चेहरा. परदेशात राहणारे लाखो नायजेरियन अडकले, कारण बोटं लंडनमध्ये आणि बँक लागोसमध्ये. मग परदेशातल्या शहरांत नेमलेल्या संस्थांनी नोंदणी केंद्रं उघडली. वेळ ठरवून जायचं, फी भरायची, ठसे द्यायचे. त्यातून एक छोटा सेवा-उद्योगच उभा राहिला.

आपल्याकडे गणित वेगळं आहे. आधारची नोंदणी परदेशात होत नाही, माणसाला भारतात यावंच लागतं. म्हणजे तुमच्या ग्राहकाकडे असतात सुट्टीचे दोन-तीन आठवडे. त्यात लग्न, जागरण-गोंधळ, पाहुणे आणि वर ही सगळी कागदपत्रं.

इथेच तुमचा धंदा आहे. बोटाचा ठसा त्याचाच लागणार, तो तुम्ही विकू शकत नाही. तुम्ही विकता ती तयारी. त्याचे सुट्टीचे दिवस वाया जाऊ नयेत, एका फेरीत काम व्हावं, यासाठी तो पैसे देतो. हे वाक्य वहीत पहिल्या पानावर लिहा. पुढचा सगळा धडा याच्यावर उभा आहे.

पायरी १ : समोरचा ग्राहक नेमका कोण?

गावात आपण परदेशात राहणाऱ्या सगळ्यांनाच "एनआरआय" म्हणतो. कागदावर तसं चालत नाही. पहिल्या फोनवरच विचारा :

- पासपोर्ट कुठल्या देशाचा आहे? भारतीय पासपोर्ट असेल तरच तो अनिवासी भारतीय, म्हणजे एनआरआय. अमेरिकेचा पासपोर्ट घेतला असेल तर तो ओसीआय कार्डधारक असू शकतो, पण एनआरआय नाही. नियम वेगळे.
- कशासाठी गेलाय? नोकरी किंवा धंद्यासाठी गेला की फेमा कायद्याने, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याने, तो अनिवासी धरला जातो. "अजून वर्ष कुठे झालंय" हे उत्तर चालत नाही.
- भारतात नेमका किती दिवस असणार? येण्या-जाण्याच्या तारखा लिहून घ्या.
- सध्या कुठलं काम अडलंय? बँक, पॅन, जमिनीची खरेदी-विक्री की मुलांची कागदपत्रं?

लक्षात ठेवा, आधारची व्याख्या, इन्कम टॅक्सची व्याख्या आणि फेमाची व्याख्या एकसारखी नाही. एकच माणूस एका ठिकाणी "निवासी" आणि दुसऱ्या ठिकाणी "अनिवासी" ठरू शकतो. टॅक्सचं ठरवणं सीएचं काम. तुम्ही फक्त प्रश्न बरोबर विचारायचे आणि उत्तरं लिहून ठेवायची.

पायरी २ : आधारची गरज आहे का?

इथे बरेच नवीन लोक घाई करतात. ग्राहक आला की लगेच "आधार काढून देतो" म्हणतात. एनआरआयला आधार घेणं सक्तीचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात बँक खात्याला आधार जोडण्याची सक्तीही रद्द केली. अनिवासी खात्याची केवायसी पासपोर्ट, व्हिसा आणि परदेशातला पत्ता यावर होते.

त्यामुळे गरज नसेल तर तसं स्पष्ट सांगा. "तुम्हाला आधार लागणार नाही, बँकेचं काम एवढ्यावर होईल" असं सांगणारा माणूस ग्राहकाच्या कायम लक्षात राहतो. फी थोडी कमी मिळेल, पण पुढची चार घरं तोच पाठवेल.

गरज असेल तर नियम हे :

१. ओसीआय किंवा परदेशी पासपोर्टवाल्याला अर्जाच्या आधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. तीन आठवड्यांच्या सुट्टीत त्याचं आधार होणार नाही. उगाच आशा लावू नका.

२. भारतीय पासपोर्टवाल्या एनआरआयला ही १८२ दिवसांची अट नाही. २०१९ च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती लागू झाली. आल्या दिवसापासून तो अर्ज करू शकतो.

३. ओळखीचा पुरावा म्हणून वैध भारतीय पासपोर्टच लागतो. मुदत संपलेला चालत नाही.

४. ईमेल द्यावाच लागतो. परदेशी मोबाईल नंबरवर आधारचे मेसेज जात नाहीत, म्हणून भारतीय नंबर चालू असणं हिताचं.

५. पत्ता भारतातला देणार की परदेशातला, यावर फॉर्म बदलतो. आधीच विचारून योग्य फॉर्म भरून ठेवा.

६. नवीन नोंदणी मोफत आहे. अपडेटला शुल्क लागतं, ते केंद्रावर लिहिलेलं असतं. जास्त मागितलं तर १९४७ या हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

७. नोंदणी झाल्यावर आधार क्रमांक यायला महिनाभर, कधी जास्तही लागू शकतो. म्हणून नोंदणी सुट्टीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत झाली पाहिजे, शेवटच्या नाही.

अनेकांचं आधार कॉलेजात असतानाच निघालेलं असतं. आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. त्या पहिल्या काही वर्षांतली आधारं आता जुनी झालीत. नंबर बंद, फोटो ओळखू येत नाही, पत्ता भाड्याच्या खोलीचा. अशांना नवीन आधार नको, अपडेट हवं. मुलं असतील तर ५ आणि १५ वर्षांचं झाल्यावर बोटांचे ठसे अपडेट करावे लागतात, तेही विचारा.

पायरी ३ : बँक

माणूस अनिवासी झाला की त्याने साधं बचत खातं तसंच चालू ठेवायचं नसतं. ते एनआरओ खात्यात बदलून घ्यावं लागतं. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं, पाच-पाच वर्षं जुनं खातं चालू असतं. दोन खाती समजून घ्या :

- एनआरओ : भारतात मिळणारे पैसे यात. घरभाडं, पेन्शन, डिव्हिडंड. कारखान्याला ऊस घातला आणि जमीन त्याच्या नावावर असेल तर उसाचं बिलही यातच. व्याजावर भारतात टॅक्स लागतो. यातून बाहेर नेण्याची मर्यादा एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलर, तीही टॅक्स भरून.
- एनआरई : परदेशात कमावलेले पैसे यात. मुद्दल आणि व्याज परत बाहेर नेता येतं, आणि अनिवासी असेपर्यंत व्याजावर भारतात टॅक्स नाही.

आता केवायसी. ग्राहक विचारेल, "व्हिडिओ कॉलवर नाही का होणार?" रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे व्हिडिओ केवायसी करताना ग्राहक भारतात असावा लागतो, परदेशातल्या इंटरनेटवरून ती होत नाही. पण परदेशात बसून दुसरा मार्ग आहे. कागदपत्रांच्या प्रती साक्षांकित करून पाठवता येतात. भारतीय दूतावास, तिथला नोटरी, भारतीय बँकेच्या परदेशी शाखेचा अधिकारी यांचं साक्षांकन नियमात मान्य आहे.

म्हणजे फक्त बँकेच्या केवायसीसाठी विमानाचं तिकीट काढायची गरज नसते. हे सांगितलंत तर ग्राहकाचे किती वाचले ते तोच मोजेल. पण प्रत्येक शाखा स्वतःची यादी देते, म्हणून शाखेकडून कागदांची यादी लेखी किंवा ईमेलवर मागा. काउंटरवर तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी बदलतं.

एक उपयोगी माहिती : अमेरिका, ब्रिटन, यूएई, सौदी, कतार, ओमान, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि हाँगकाँग इथल्या मोबाईल नंबरवर, खातं एनआरई किंवा एनआरओ असेल तर, यूपीआय चालू करण्याची परवानगी २०२३ पासून आहे. त्याची बँक ही सोय देते का, तेवढं विचारून घ्या.

पायरी ४ : पॅन

१ जुलै २०२३ पासून आधारशी न जोडलेली पॅन निष्क्रिय झाली. अनिवासींना या जोडणीतून सूट आहे, पण सूट आपोआप मिळतेच असं नाही. आयकर खात्याच्या नोंदीत तो अजून "निवासी"च असेल तर त्याचंही पॅन निष्क्रिय दिसतं. अशा वेळी आपण अनिवासी असल्याचं आपल्या आयकर अधिकाऱ्याला पुराव्यासह कळवावं लागतं. पासपोर्टवरचे येण्या-जाण्याचे शिक्के जपून ठेवायला सांगा, तोच पुरावा.

फायलीत पॅनची सद्यस्थिती तपासून लिहा. पुढचं काम सीएकडे द्या. सीएशी आधीच बोलून ठेवा, ग्राहक आल्यावर शोधू नका.

काम अडतं ते तीन ठिकाणी

एक, नाव. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तीन भागांत लिहितात. पासपोर्टवर दोनच रकाने, नाव आणि आडनाव. कुणाचं वडिलांचं नाव पहिल्या रकान्यात गेलेलं, कुणाचं गळालेलं. बायकांचं तर विचारूच नका. पॅनवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, सातबाऱ्यावर तिसरंच. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडं-तिकडं झालं तरी काम थांबतं.

म्हणून पहिलं काम नावाचा तक्ता. एका कागदावर पासपोर्ट, आधार, पॅन, बँक पासबुक, सातबारा. प्रत्येकावर नाव आणि जन्मतारीख जशी आहे तशी, अक्षर न अक्षर. फरक लाल पेनने. आधारवर नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, त्यामुळे आधी सगळी कागदं शेजारी ठेवा, मगच बदल सुचवा. मोठा बदल असेल तर राजपत्रात नाव प्रसिद्ध करावं लागू शकतं, त्याला वेळ लागतो. ते सुट्टीच्या आधीच कळलं पाहिजे.

दोन, सिम. ९० दिवस वापर नसला तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि नंतर तो दुसऱ्याला जातो. मग बँकेचा ओटीपी कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर. नंबर जिवंत आहे का, हा प्रश्न पहिल्या फोनमध्येच. जिवंत असेल तर रिचार्ज चालू ठेवायला सांगा, गेला असेल तर आल्या दिवशी पहिलं काम नवीन सिम.

तीन, दिवस. लोक दिवाळीत येतात आणि दिवाळीत बँका बंद. दुसरा आणि चौथा शनिवार बंद. तीन आठवडे म्हणता म्हणता कामाचे बारा दिवस उरतात. हे कॅलेंडर वापरा :

- येण्याच्या ३० दिवस आधी : पहिला व्हिडिओ कॉल, कागदांच्या प्रती, नावाचा तक्ता.
- १५ दिवस आधी : आधार केंद्राची वेळ घेणं, बँकेची लेखी यादी, सगळे फॉर्म भरून तयार.
- पहिला-दुसरा दिवस : सिम.
- दुसरा-तिसरा दिवस : आधार.
- चौथा ते सहावा : बँक.
- सातवा ते दहावा : सीए, मुखत्यारपत्र, जमिनीची कामं.
- शेवटचा आठवडा रिकामा. एखादं काम परत आलं तर तिथे बसवायचं.

जोडीला आई-वडिलांचं काम

मुलाचं काम केलंत की घरच्यांचं काम मागोमाग येतं. दौंड हे रेल्वे जंक्शन, रेल्वेतून निवृत्त झालेली कितीतरी घरं तिथे आहेत. पेन्शनरला दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. केंद्राच्या ८० वर्षांवरच्या पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' आहे, आणि २०२१ पासून मोबाईलवर चेहरा दाखवूनही तो होतो. बोटं झिजलेल्या आजोबांना याचा मोठा आधार. घरी जाऊन, त्यांच्याच समोर, त्यांच्याच फोनवर करून द्या. आजोबा नोव्हेंबरमध्ये मुलाकडे परदेशात जाणार असतील तर तिथल्या भारतीय दूतावासातूनही दाखल्याची सोय होते, हे निघण्याआधी सांगा.

या रेषा ओलांडायच्या नाहीत

हा भाग दोनदा वाचा. या धंद्यात माणसाची ओळख तुमच्या हातात येते. एक चूक आणि त्याचे पैसे जातात, तुमचं नाव जातं, आणि केस होते ते वेगळंच.

१. ओटीपी मागायचा नाही. ग्राहकाने स्वतःहून पाठवला तरी वापरायचा नाही. तो स्वतः टाकेल, तुम्ही कॉलवर थांबा.

२. "परदेशातून आधार करून देतो" असं कधीच म्हणायचं नाही. असं काही होत नाही. आधारचं मशीन आपल्या मनाने दुकानात ठेवताही येत नाही. अधिकार नसताना माहिती गोळा करण्याचा अधिकार असल्याचं भासवलं तर आधार कायदा २०१६ च्या कलम ३६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बोर्डवर "आधार केंद्र" लिहू नका, "एनआरआय कागदपत्रं मार्गदर्शन" लिहा.

३. मूळ पासपोर्ट दुकानात ठेवून घ्यायचा नाही. एक रात्रसुद्धा नाही.

४. आधारची प्रत मागताना मास्क्ड आधार मागा, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. काम झालं की प्रती, व्हॉट्सॲपवरचे फोटो, कॉम्प्युटरवरच्या फायली पुसा आणि ग्राहकाला तसं कळवा.

५. सही तुम्ही करायची नाही, वडिलांनाही मुलाची सही करू द्यायची नाही. "आपल्याच घरचं आहे" हे कारण बँक मान्य करत नाही. वडिलांना काम बघायचं असेल तर रीतसर मुखत्यारपत्र. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र महाराष्ट्रात आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावं लागतं, त्यासाठी वकील गाठा.

६. "काम शंभर टक्के होणार" असं बोलायचं नाही. मंजुरी बँक देते, यूआयडीएआय देते. तुम्ही हमी द्यायची ती पूर्ण फायलीची आणि वेळेची.

फी कशी ठरवायची?

"एनआरआय आहे, डॉलरमध्ये कमावतो, लाव जास्त" हा विचार डोक्यातून काढा. खर्चावरून दर ठरवा. समजा एका पूर्ण फायलीला सहा तास लागतात :

- तुमची मेहनत : ६ तास × २०० = १,२०० रुपये
- पुण्याची एक फेरी : ४०० रुपये
- प्रिंट, फोन, इंटरनेट : १०० रुपये
- दुकानभाडं, लाइटबिलाचा वाटा : २०० रुपये
- एकूण : १,९०० रुपये

फी २,५०० ठेवली तर ६०० रुपये उरतात. हे उदाहरण आहे, तुमचे आकडे तुम्ही टाका. पहिल्या कॉलचे ३०० रुपये वेगळे घ्या आणि पुढे काम दिलं तर त्यातून वजा करा. यामुळे फुकट चौकशीवाले गळतात.

पावतीवर सरकारी शुल्क आणि तुमची फी वेगवेगळ्या ओळीत लिहा. आपले सरकार केंद्र किंवा सीएससी चालवत असाल तर तिथल्या सेवांचे दर ठरलेले आहेत, त्यावर एक रुपयाही चढवू नका. सल्ला आणि तयारीची फी ही वेगळी सेवा, वेगळी पावती.

सुरुवातीची नोंदणी अवघड नाही. दहापेक्षा कमी कामगार असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकान कायद्यात फक्त सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी मोफत आहे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, तुमच्या सीएला एकदा विचारून घ्या.

पहिले ग्राहक कुठून आणायचे?

जाहिरातीवर पैसे घालू नका. तुमचा खरा ग्राहक परदेशात असला तरी त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता त्याच्या आई-वडिलांच्या ओट्यावरून जातो. एका पानाची मराठी यादी छापा, "मुलगा परदेशातून येण्याआधी काय तयार ठेवायचं". ती मोफत वाटा. ती यादी वडील व्हॉट्सॲपवर मुलाला पाठवतात, आणि फोन तिकडून येतो. बघा, विश्वास असाच चालत येतो.

गृहपाठ

१. तुमच्या गावातली परदेशात माणूस असलेली पाच घरं लिहा. प्रत्येक घराला एकच प्रश्न विचारा, "सध्या कुठलं काम अडलंय?" उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा.

२. स्वतःच्या घरातल्या एका माणसाचा नावाचा तक्ता करा. किती फरक निघाले ते मोजा.

३. जवळच्या बँक शाखेत जाऊन एनआरओ खात्याच्या केवायसीची लेखी यादी मागा.

४. वरच्या पद्धतीने तुमची फी काढा. दोन ओळींच्या पावतीचा नमुना तयार करा.

हे चार केलेत तर तुम्हाला पहिला ग्राहक घेता येईल. त्याआधी घेऊ नका. पुढच्या धड्यात पावती, करारपत्र आणि ग्राहकाचा डेटा सांभाळण्याचं रजिस्टर कसं ठेवायचं ते बघू.